आठवण गाण्याची की आपल्या कॅसेटची?

बी बाजू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात प्रवासात मोबाइलवर एक जुने भावगीत ऐकत होतो. लहानपणापासून पाठ असलेले हे गाणे इतक्या स्वच्छ आवाजात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गायिकेने श्वास कुठे घेतला तेसुद्धा कळत होते, आणि मागे एक बासरी आहे हे तर मला पन्नाशी उलटल्यावर समजले. असे असूनही दुसरा अंतरा जवळ येऊ लागला तसा मी कान टवकारून बसलो. कशाची तरी वाट पाहत होतो, कशाची ते उमगत नव्हते. अंतरा आला, गेला, धृपदही आले, आणि जे यायला हवे होते ते काही आले नाही. उतरायची वेळ झाली तेव्हा उलगडा झाला की मी आमच्या आत्याची वाट पाहत होतो.

खुलासा करतो. साधारण १९८३-८४ च्या सुमारास आमच्याकडे रेडिओ होता आणि काकांनी आणलेला टेपरेकॉर्डरही होता, पण दोन्ही यंत्रे तारेने जोडण्याची सोय नव्हती. त्यामुळे आकाशवाणीवर 'आपली आवड' लागण्याच्या आधी मी टेपरेकॉर्डर रेडिओच्या पुढ्यात ठेवत असे, कोरी कॅसेट घालून 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' ही दोन्ही बटणे एकदम दाबायला बोटे तयार ठेवत असे, आणि निवेदिकेने गाण्याचे नाव घेतले की पुढची तीन-साडेतीन मिनिटे घरात कोणी ब्रसुद्धा काढायचा नाही, असा माझा दंडक होता. टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन मात्र रेडिओ आणि घर असा भेद करत नव्हता. एके दिवशी नेमक्या दुसऱ्या अंतऱ्यात आत्या स्वयंपाकघरातून "अरे, कडी लाव" म्हणाली आणि ते शब्द फितीवर कायमचे उतरले. पुढची दहा-बारा वर्षे आम्ही ते गाणे तसेच ऐकले आणि आत्याला त्यावरून चिडवतही राहिलो.

तेव्हापासून मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडतो आहे. तरुणपणीच्या गाण्यांनी आपण हळवे होतो असे सर्रास म्हटले जाते. पण ती आठवण गाण्याला चिकटलेली असते, की आपल्याकडे असलेल्या त्या गाण्याच्या एका विशिष्ट प्रतीला? माझा कौल प्रतीकडे आहे. ज्या जागी फीत गुंतून चुरगळली होती तिथला दबका स्वर, साठ मिनिटांची कॅसेट संपल्यामुळे अर्ध्यावर तुटलेला तिसरा अंतरा, या सगळ्यासकट ती गाणी 'माझी' होती. आज मोबाइलवर मिळते ते गाणे निर्दोष आहे, पण ते कुणाचेही आहे.

तुमची प्रत कोणती, आणि तिच्यात काय होते, हे वाचायला आवडेल.

मौनी वाचक

एरवी केवळ वाचत असतो, पण येथे राहवले नाही. एक गाणे संपले की कॅसेटमधल्या पुढच्या गाण्याचा पहिला स्वर मनात आपोआप लागतो, हा अनुभव तुम्ही लिहिलेला नाही. आमच्या घरी भरून घेतलेल्या एका कॅसेटवर एका विरहगीतानंतर लगेच एक खट्याळ कोळीगीत होते. आजही ते विरहगीत कुठे ऐकले की शेवटच्या ओळीला माझे पाय ठेका धरू लागतात, आणि शेजारी बसलेल्यांना माझ्या रसिकतेविषयी शंका येते.

पंचवीस मीटर

बी बाजू, आपला धागा वाचून बऱ्याच दिवसांनी लिहिण्याची उमेद आली. माझी ऐंशी जवळ आली आहे, त्यामुळे माझी 'प्रत' कॅसेटच्याही आधीची आहे, आणि ती हवेत होती.

१९५२ साली केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीने विविध भारती काढली खरी, पण तोवर आमच्या घरातला काटा सिलोनच्या पंचवीस मीटरच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) पट्ट्यावर जाऊन बसला होता आणि बुधवारी रात्री आठला तो तिथून हलवण्याची कोणाची छाती नव्हती. आमचा रेडिओ दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा होता. बटण फिरवल्यावर आवाज येण्याआधी तो अर्धा-एक मिनिट तापत असे, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतात आणि तो थर, विशेषतः सूर्यास्ताच्या आगेमागे, सतत बदलत असतो. त्यामुळे सायानींचा आवाज कधी अंगावर यायचा, तर कधी विहिरीत उतरल्यासारखा खोल जायचा.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या आवडत्या एका गाण्याच्या धृपदातली एक ओळ मला त्या काळात कधीही पूर्ण ऐकू आली नाही, कारण लाट नेमकी तिथेच बुडत असे, किंवा मला तरी तसे वाटत असे. त्या जागी मी माझे शब्द घातले. चित्रपटगृहाबाहेर मिळणारी गाण्यांची चोपडी हाती आली तेव्हा खरे शब्द समजले, आणि ते माझ्या शब्दांपेक्षा सामान्य निघाले. मी आजही माझेच शब्द म्हणतो. सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट सैगलच्या गाण्याने होत असे, आणि ते ऐकू आले की आठ वाजत आल्याचे कळून आम्ही दप्तरे उचलत असू. सैगलचा आवाज पुढे अनेकांना करुण वाटलेला मी पाहिला आहे. मला तो ऐकला की आजही फक्त उशीर झाल्यासारखे वाटते.

अवांतर: सिलोनचे श्रीलंका झाले तरी आम्ही त्या केंद्राला रेडिओ सिलोनच म्हणत राहिलो.

आणखी एक आठवण या धाग्याच्या विषयाला अगदी नेमकी लागू पडते. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले आणि अधिक मास आल्यामुळे ते वर्षभरात छप्पन्न गीतांपर्यंत गेले. त्या प्रसारणात निरनिराळ्या व्यक्तिरेखांसाठी निरनिराळे गायक-गायिका होते. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात, आणि महाराष्ट्राने गीतरामायण म्हणून जे डोक्यावर घेतले ते प्रामुख्याने बाबूजींचे. माझ्या थोरल्या बहिणीला तो आवाज कितीही प्रिय असला तरी सीतेची गीते पुरुषाच्या आवाजात सुरू झाली की ती क्षणभर थबकते. तिच्या कानातली सीता माणिक वर्मांची आहे. माझ्या मुलांना हे थबकणे समजत नाही, कारण त्यांच्या लेखी मूळ गीतरामायण म्हणजे ध्वनिमुद्रिकाच.

शुद्ध गंधार

सर्वांच्या आठवणी हृद्य आहेत, पण आपण मूळ कारणाला बगल देत आहोत असे मला नम्रपणे वाटते. ती गाणी लक्षात राहिली, कारण ती चांगली होती. कवी कवी होते, संगीतकारांना रागांची बैठक होती, वादकांचा ताफा एकत्र बसून एका दमात वाजवत असे. आत्याने कडी लावायला सांगितले नसते तरी ते गाणे तुम्हाला प्रिय झालेच असते. आजच्या गाण्यांत आठवण्यासारखे काही नसेल, तर ती कोणत्याही प्रतीवर असली तरी चाळीस वर्षांनी कोणी त्यांच्यासाठी धागा काढणार नाही.

तिसरा अंतरा

शुद्ध गंधार, आपला आदर राखून असहमती नोंदवतो. त्या काळातही सुमार गाणी ढिगाने येत होती. ती आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, इतकेच. कोणत्याही जुन्या वर्षातल्या लोकप्रिय गाण्यांची संपूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचून पाहावी. त्यातली कितीतरी गाणी आज नावानेही ओळखू येत नाहीत, आणि त्यांनीही कधीकाळी वरच्या 'पायदाना'वर, म्हणजे क्रमांकावर, मुक्काम केलेला असतो. चाळणीतून उरलेल्या धान्याची तुलना आजच्या न चाळलेल्या पोत्याशी करणे न्याय्य नाही.

प्रतीच्या मुद्द्याला मात्र मी एक भर घालू इच्छितो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. चित्रपटात तेच गाणे पाच-सहा मिनिटांचे असले, तर तबकडीसाठी एक अंतरा गाळला जाई, मधले संगीत आखडते घेतले जाई, किंवा गाणे दोन बाजूंवर विभागले जाई. परिणामी ज्याने चित्रपट पाहिला त्याच्याकडे तीन अंतऱ्यांचे गाणे असे आणि ज्याने तबकडी वा रेडिओ ऐकला त्याच्याकडे दोन अंतऱ्यांचे. माझ्या वडिलांनी एका गाण्याचा तिसरा अंतरा तरुणपणी चित्रपटगृहात ऐकलेला होता, आणि तो रेडिओवर कधीच लागत नसल्यामुळे आम्ही भावंडे तो त्यांनीच रचला असावा असे धरून चाललो होतो. चित्रपट दूरदर्शनवर लागला त्या रविवारी वडील काही बोलले नाहीत. अंतरा सुरू झाला तेव्हा त्यांनी आमच्याकडे एकदा वळून पाहिले. माझे सदस्यनाम त्यावरूनच घेतले आहे.

झंकारप्रेमी

येथे बहुतेक जण माझ्यापेक्षा वडीलधारे आहेत, तरी माझी बाजू मांडण्याचे धाडस करतो. माझा जन्म १९८१ चा. साठच्या दशकातली हिंदी गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती 'झंकार बीट्स'वाल्या कॅसेटमधून, म्हणजे मूळ गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ढोलकी आणि प्रतिध्वनी चढवलेल्या आवृत्तीतून. ती कोणी जाणीवपूर्वक निवडली नव्हती. मामाच्या जीपमध्ये तीच एक कॅसेट होती. पुढे महाविद्यालयात मित्राकडे मूळ गाणे ऐकले तेव्हा मला ते अर्धवट वाटले, कोणीतरी वाद्ये काढून घेतल्यासारखे. तसे बोललो आणि वर्षभर थट्टेचा विषय झालो.

दुसरे उदाहरण 'व्हर्जन' कॅसेटचे. मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षे झाली की रीतसर पूर्वसूचना आणि मानधन देऊन तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेण्याची वाट तेव्हाच्या स्वामित्वहक्क कायद्यात होती, आणि त्या आधारावर निघालेल्या स्वस्त कॅसेटींनी आमच्यासारखी घरे भरली. पुढे नावारूपाला आलेले काही गायक आम्हाला आधी या दुसऱ्याच्या गाण्यांतून भेटले. आता मला प्रामाणिकपणे सांगा, ज्या आवाजात मी ते गाणे दहाव्या वर्षी ऐकले आणि ज्या आवाजात ते मला पाठ झाले, तो आवाज 'नकली' आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळल्याने माझी आठवण नकली होते का? पंचवीस मीटर आजोबांच्या भगिनींना सीतेची गीते मूळ आवाजातच हवीत, याबद्दल कोणी त्यांना हसणार नाही. मला मात्र हसतात. आम्हा दोघांचीही अडचण एकच आहे, असे मला वाटते.

पंचवीस मीटर

झंकारप्रेमी, अगदी मान्य. बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याला सांग, मी नाही हसणार. पण ती ढोलकी मला ऐकवू नको."

पदटीप

या विषयावर मानसशास्त्रात जे थोडेफार काम झाले आहे त्याचा येथे उपयोग होईल. आयुष्याच्या उतारावर आठवणी विचारल्या, तर लोक साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक सांगतात. आलेख काढला तर तिथे उंचवटा दिसतो. गाण्यांच्या बाबतीत मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली वेगवेगळ्या वयाच्या श्रोत्यांना निरनिराळ्या काळातली गाणी ऐकवून पसंती विचारली, तेव्हा पसंतीचे शिखर श्रोत्याच्या वयाच्या साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपास आले. शुद्ध गंधार यांचा आक्षेप यातून काहीसा लंगडा पडतो, कारण गाण्याचा दर्जा हेच एकमेव कारण असते, तर सगळ्या वयाच्या लोकांचे शिखर एकाच काळात यायला हवे होते.

त्याहून रंजक निष्कर्ष कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ च्या अभ्यासाचा आहे. त्यांनी विशीतल्या अमेरिकन तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे स्वतःच्या वयातल्या गाण्यांशी त्यांचे नाते घट्ट होतेच, पण आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांपाशीही एक उंचवटा दिसला. थोडक्यात, घरात जे वाजत होते ते मुलांच्याही खात्यावर जमा झाले. मामाच्या जीपमधली कॅसेट ही त्याचीच देशी आवृत्ती म्हणता येईल.

एक जुनी गोष्टही सांगतो. योहानेस होफर या वैद्याने १६८८ साली घरापासून दूर गेलेल्यांच्या झुरणीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले ते आजाराचे नाव म्हणून. पुढे रूसोने आपल्या संगीतकोशात नोंदवले आहे की परदेशात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांपुढे गुराख्यांची एक धून वाजवायला मनाई होती, कारण ती ऐकून सैनिक रडू लागत आणि पळूनही जात. त्या धुनेत स्वतःचे असे सामर्थ्य काही नाही, इतरांवर तिचा तसा परिणाम होत नाही, असेही त्याने तिथेच म्हटले आहे.

तरीही बी बाजू यांच्या प्रश्नाला या अभ्यासांतून उत्तर मिळत नाही. त्यांत ऐकवतात ते गाण्याचे प्रमाणित ध्वनिमुद्रण. प्रत्येकाला त्याच्या घरातली खरखरीत प्रत ऐकवून प्रयोग करायचा, तर आधी प्रत्येकाच्या माळ्यावर चढावे लागेल.

कर्णा

मंडळी, चर्चा वाचतो आहे आणि थोडा अस्वस्थही होतो आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर, तबकड्या, मामाची जीप ही सगळी मालकीची साधने आहेत. रेडिओ बाळगायला पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. आमच्या वस्तीत ते बाळगणारी घरे बोटावर मोजण्याइतकी होती. आमच्याकडे प्रत नव्हती; आमच्याकडे वारा होता.

गावाबाहेरच्या माळावर तंबूतला सिनेमा यायचा. खेळ सुरू होण्याआधी तासभर तंबूच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यावरून गाणी लावत, म्हणजे लोक जेवणे आटोपून निघत. कर्ण्यातून खालचे स्वर येतच नाहीत. तबला म्हणजे नुसती टिकटिक, आणि गाणाऱ्याचा आवाज पत्र्यातून काढल्यासारखा. वारा आमच्याकडे असला की ओळ यायची, फिरला की जायची. एका गाण्याची मला अनेक वर्षे केवळ सुरुवात आणि शेवट ठाऊक होता. मोठेपणी चांगल्या स्पीकरवर तेच गाणे ऐकले तेव्हा त्यातला तबला इतका भरदार निघाला की मला ते गाणे ओळखायलाच वेळ लागला. बी बाजू म्हणतात तो अनुभव मलाही आला, पण माझ्या गाण्यात आत्या नव्हती. माळावरून घाईघाईने निघालेल्या माणसांच्या वहाणांचा आवाज होता.

दुसरी गोष्ट स्पष्टच लिहितो. मराठी गाण्यांच्या आठवणी म्हटले की भावगीत आणि नाट्यगीत यांपलीकडे आपण जात नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा स्वतःची अशी गाणी आली, आणि ती प्रल्हाद शिंदे यांची होती, विठ्ठल उमप यांची होती. भक्तिगीते होती, भीमगीते होती, लोकगीते होती. जत्रेत पथारीवर मांडलेल्या कॅसेटींतून वडील एक निवडत आणि विकत घेण्याआधी विक्रेत्याला ती थोडी वाजवून दाखवायला लावत. ती कॅसेट आमच्याकडून गल्लीत फिरे आणि परत येई तेव्हा खोका एकीचा व फीत दुसरीची असे. पुष्कळ गाणी मी चुकीच्या नावाच्या खोक्यातूनच ऐकली. ही गाणीसुद्धा कोणाच्या तरी तारुण्याची आहेत, आणि त्यांच्याविषयी येथे धागा निघालेला माझ्या पाहण्यात नाही.

शुद्ध गंधार

कर्णा, आपला शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाची फेक आणि वरच्या पट्टीतली त्यांची सुरांची पकड याविषयी मला लिहायला आवडेल. आपण धागा काढावा, मी येतो.

माझे दर्जाविषयीचे मत मी सोडलेले नाही, पण दर्जा कोणत्या गाण्यांत शोधायचा याची माझी यादी अपुरी होती, हे मान्य करतो.

सोल्डरगन

बी बाजू, ती कॅसेट अजून आहे का? असल्यास घाईने कोणत्याही यंत्रात घालू नका. गेली अनेक वर्षे मी लोकांच्या फिती संगणकावर उतरवून देतो आहे, त्यामुळे चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

कॅसेट उघडून न वाजवता आधी सहा कोनी पेन्सिल घालून चाक हलके फिरवून पाहावे. फीत चिकटली असल्यास तिथेच कळते. आतली स्पंजची छोटी गादी बहुधा निसटलेली असते. ती फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते, आणि ती नसेल तर आवाज गुदमरल्यासारखा येतो. गादी बदलता येते. त्यानंतर फीत एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत अशी पूर्ण गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी पडून आलेला ताण जातो. हेड आणि रबरी चाक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून वरचे स्वर सर्वांत उजळ कुठे येतात ते कानाने ठरवावे. तुमच्या काकांच्या यंत्राचे हेड ज्या कोनात होते तो कोन असा शोधावा लागतो.

वेगाबद्दल एक विशेष सूचना. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावायला हवी, पण भरताना टेपरेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर ती सावकाश धावलेली असते आणि नंतर व्यवस्थित यंत्रावर गाणे चढ्या सुरात वाजते. वेगात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की सूर एका पट्टीने सरकतो. काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये गेलेच म्हणून समजा. संगणकावर हे एका क्षणात दुरुस्त करता येते. परंतु तुमचा धागा वाचल्यावर माझी विनंती आहे की पहिली प्रत अजिबात दुरुस्त न करता जतन करावी. मी पूर्वी एका गृहस्थांच्या फितीतली सगळी खरखर काढून, सूर बरोबर करून, मोठ्या अभिमानाने त्यांच्या हाती दिली होती. त्यांनी ऐकली, आभार मानले, आणि दाराशी जाऊन विचारले, "मूळची परत मिळेल ना?"

बी बाजू (धागाकर्ता)

सोल्डरगन, मनःपूर्वक आभार. कॅसेट बहिणीकडे असावी असा संशय आहे. शोध सुरू केला आहे.

मौनी वाचक

मिळाली की आत्यानंतर कोणते गाणे येते तेवढे अवश्य कळवा.

बी बाजू (धागाकर्ता)

मंडळी, कॅसेट सापडली. बहिणीकडच्या लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली. ए बाजूवरची माझी अक्षरे पुसट झाली आहेत, आणि चुकून पुसले जाऊ नये म्हणून मागच्या बाजूचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मी तेव्हाच मोडून ठेवले होते. गादी खरोखरच निसटलेली होती. सोल्डरगन यांच्या सांगण्याप्रमाणे सगळे केले, आणि काल रात्री बहीण, भाचा आणि मी असे तिघे ऐकायला बसलो.

गाणे जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढे आहे, म्हणजे बॅटऱ्यांचा अंदाज बरोबर होता. आता कळले की त्या गायिकेचा आवाज मोबाइलवर मला थोडा जड का वाटत होता.

दुसरा अंतरा आला तेव्हा मी भाच्याला हाताने खूण केली. अंतरा संपला. आत्या बोलली नाही. बहीण म्हणाली, "तुझा काहीतरी घोटाळा होतोय, ती दुसऱ्या गाण्यात आहे." पुढचे गाणे ऐकले, त्याच्या पुढचे ऐकले, बाजू संपली. तासभर आम्ही ए आणि बी अशा दोन्ही बाजू धुंडाळल्या. शेवटी भाच्याने संगणकावर ध्वनीचा आलेख पाहून त्याच पहिल्या गाण्यातली एक जागा दाखवली. आत्या त्याच गाण्यात आहे, पण पहिल्या अंतऱ्याच्या आधीच्या संगीतात, आणि इतकी दूर की मोठ्या आवाजात लावल्याशिवाय ऐकू येत नाही. आम्ही तिला एवढी वर्षे ज्या खणखणीत आवाजात नकलून दाखवत होतो, तसे काहीच नाही. ती जवळजवळ कुजबुजली आहे. गाणे भरले जात आहे हे तिला ठाऊक होते. बहिणीला हे ऐकून फार वाईट वाटले, कारण चिडवण्यात तीच पुढे असे.

मौनी वाचक, त्यानंतरचे गाणे मला आठवत होते तेच निघाले, तेवढी एक गोष्ट बरोबर ठरली. दुरुस्त न केलेली प्रत दोन ठिकाणी जतन केली आहे.

आणि ज्याची मला तिळमात्र आठवण नव्हती, तेही त्या फितीवर आहे. आत्याच्या शब्दांनंतर कोणीतरी जोरात "शू" करते. तो माझा आवाज आहे. मग अनवाणी पावले दाराकडे जातात, कडी अगदी हळू सरकवल्याचा आवाज होतो, तरी ती शेवटी वाजतेच. पहिला अंतरा सुरू झालेला असतो. धृपद येण्याआधी पावले परत येतात आणि स्टूल ओढल्याचे ऐकू येते.